सेनेगलेन्सिस नर आणि रुबिलिओ मादी? टाचण्यांमधला संकर आणि प्रजातींच्या सीमा

आनंदवल्लीकर | 12 ऑक्टोबर, 21:15

दोन जवळच्या प्रजातींच्या टाचण्यांमध्ये (चतुरांच्या नात्यातले, पण त्यांच्याहून बारीक कीटक) संकर होतो का? आणि होत असेल तर त्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

निमित्त सांगतो. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर काठच्या गवतात इश्नुरा वंशाच्या दोन टाचण्या एकत्रच असतात, सेनेगलेन्सिस आणि रुबिलिओ. नर ओळखायला सोपे. सेनेगलेन्सिसचा नर काळा-हिरवट, शेपटाच्या टोकाशी निळा ठिपका. रुबिलिओचा त्याहून लहान, पोट पिवळंजर्द आणि टोक निळं. परवा एका सेनेगलेन्सिस नराने एका मादीची मान धरलेली दिसली. मादी फिकट, अंगावर रंग धड चढलेला नाही आणि नराच्या मानाने अगदीच बारकी. मला ती रुबिलिओची वाटतेय. फोटो आहेत, पण नेमकं गवताचं पातं मध्ये आलंय.

नोंदीत काय लिहू? आणि या जोडीला पिल्लं झाली तर त्यांना काय म्हणायचं?

मिसळमामा | 12 ऑक्टोबर, 21:31

गंगापूर रोडला सकाळी सकाळी जाऊन आलात आणि मिसळीचा उल्लेख नाही? आधी तो खुलासा करा, टाचणीचं नंतर बघू. :-)

(फोटो छान आलेत हो. ते निळं टोक भारी दिसतंय.)

मृगधारा | 12 ऑक्टोबर, 22:04

आनंदवल्लीकर, फोटो मोठे करून पाहिले. नर सेनेगलेन्सिस, शंका नाही. मादीबद्दल मात्र मी इतक्यात काही म्हणणार नाही.

इश्नुराच्या माद्या भल्याभल्यांना चकवतात. सेनेगलेन्सिसच्याच माद्या घ्या. कोवळ्या वयात केशरी असतात आणि मोठ्या झाल्या की बहुतेक हिरवट-तपकिरी होतात. काही माद्या तर हुबेहूब नराच्या रंगात असतात. म्हणजे एकाच प्रजातीच्या तीन माद्या शेजारी बसवल्या तर नवखा माणूस तीन प्रजाती मोजेल. रंग मधलाच दिसतोय म्हणून संकर, हा निष्कर्ष इथे टिकत नाही.

तुमच्या फोटोतली मादी नुकतीच कात टाकून बाहेर आलेली दिसते. पंखांवर अजून ओली चमक आहे. अशा वेळी रंग बघायचाच नाही. मानेमागची ढाल, तिची मागची कड, पंखावरच्या ठिपक्याचा आकार हे बघायचं. आणि नेमकं तेच पात्याआड गेलंय.

रुबिलिओबद्दल एक जोडते. आपल्याकडच्या टाचणीला पूर्वी सगळे ऑरोराच म्हणत. ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांकडची ती ऑरोरा आणि आपली रुबिलिओ वेगळी, असं आता मानलं जातं. न्यूझीलंडमध्ये ऑरोरावर झालेल्या कामात दिसलं होतं की नर नुकत्याच बाहेर पडलेल्या, धड उडताही न येणाऱ्या मादीलाच गाठतात. त्यामुळे कोवळी मादी जोडीत दिसणं या वंशात नवलाचं नाही.

मुक्ता_पंचवटी | 12 ऑक्टोबर, 22:20

मृगधाराताई, एक बाळबोध प्रश्न. नराला आपली मादी कळत नाही का? दुसऱ्या प्रजातीची मान तो धरतोच कशाला?

मृगधारा | 12 ऑक्टोबर, 22:58

बाळबोध कुठला, खरा प्रश्न हाच आहे मुक्ता.

नर फारसा चोखंदळ नसतो. बारीक, लांब, साधारण त्या मापाचं काही गवतावर बसलेलं दिसलं की तो धरून बघतो. दुसऱ्या प्रजातीच्या मादीला, कधी कधी दुसऱ्या नरालाही धरतो. खरी परीक्षा धरल्यानंतर सुरू होते.

टाचणीच्या नराच्या शेपटाच्या टोकाला चिमट्यासारखी उपांगं असतात. त्यांनी तो मादीच्या मानेमागचा भाग पकडतो. प्रत्येक प्रजातीच्या उपांगांचा आकार वेगळा आणि मादीच्या ढालीचाही. बसलं नाही तर पकड सुटते. कीटकांमध्ये कुलूप-किल्लीची ही कल्पना 1844 साली फ्रान्सच्या लिओं द्यूफूरने मांडली. पण टाचण्यांमध्ये नुसतं यांत्रिक बसणं-न बसणं एवढंच नाही. उत्तर अमेरिकेतल्या एनालाग्मा वंशाच्या टाचण्यांमध्ये मादीच्या त्या भागावर स्पर्श जाणणारे बारीक केस असतात. नराची पकड बसली तरी स्पर्श ओळखीचा वाटला नाही तर मादी पुढे सहकार्यच करत नाही. शेपटी वळवून तिने नराच्या पोटाला लावली की दोघांचं चक्रासारखं कडं होतं, आणि ते चक्र पूर्ण झाल्याशिवाय मीलन होत नाही. म्हणजे शेवटचा शब्द तिचाच.

म्हणून नराने मान धरलेली दिसणं आणि मीलन होणं यात मोठं अंतर आहे. मीलन झालं तरी अंडी त्याच नराची असतील असंही नाही. जोनाथन वागे यांनी 1979 मध्ये कॅलोप्टेरिक्स टाचणीत दाखवून दिलं की नर आधी मादीच्या शरीरातलं मागच्या नराचं वीर्य काढून टाकतो आणि मग स्वतःचं सोडतो. सकाळच्या परक्या नराचं दुपारपर्यंत काहीच उरलेलं नसू शकतं.

जुना_नाशिककर | 12 ऑक्टोबर, 23:10

आम्ही लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. गोदाघाटावर, नासर्डीच्या काठाला, कुठेही. हे सगळं वाचून त्या चतुरांची आज मनापासून माफी मागावीशी वाटली. मृगधाराताई, लिहीत राहा. रात्र झाली तरी जागून वाचतोय.

खडकाळी | 13 ऑक्टोबर, 08:40

चर्चा छान आहे, पण मला मुळातच पटत नाही. संकर होत नाही म्हणून प्रजाती वेगळ्या, असं शाळेत शिकवतात. उद्या संकर झाला आणि त्याला पुढे पिल्लंही झाली, तर? तेव्हा शास्त्रज्ञ म्हणणार की तरीही त्या वेगळ्याच आहेत. मग व्याख्या कशाला केली? निसर्गात एक अखंड पसारा आहे, त्यावर माणसाने सोयीसाठी रेघा मारल्यात. ऑरोराची रुबिलिओ झाली तेव्हा टाचणीत काय बदललं? कागदावरचं नाव बदललं, इतकंच.

सूक्ष्मदर्शी | 13 ऑक्टोबर, 13:25

मूळचा नाशिकचा, सध्या बाहेर आहे. कीटकांच्या जनुकांवर काम करतो म्हणून राहवलं नाही. लांब होईल.

खडकाळी, तुम्ही म्हणता ती व्याख्या अर्न्स्ट मायरची, 1942 ची. आपसात प्रजनन करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननाने तुटलेल्या समूहांना त्याने प्रजाती म्हटलं. एखादा संकर झाला की प्रजाती मोडली, असा तिचा अर्थ घ्यायची गरज नाही. दोन समूह एकमेकांत मिसळून एक होतात का, हे बघायचं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इश्नुराचंच आहे, म्हणून आनंदवल्लीकरांचा फोटो बघून मी उडालोच. इश्नुरा एलेगान्स ही युरोपभर पसरलेली टाचणी. इश्नुरा ग्राएल्सी ही स्पेन, पोर्तुगाल आणि उत्तर आफ्रिकेतली. गेल्या शतकात एलेगान्स स्पेनमध्ये पसरत गेली आणि दोघी एकाच तळ्यावर राहू लागल्या. 2002 मध्ये तिथल्या संशोधकांनी दोघींची प्रयोगशाळेत गाठ घालून पाहिली. एलेगान्सचा नर आणि ग्राएल्सीची मादी जमतं, संकर होतो, त्यांना पुढे पिल्लंही होतात. उलट बाजूने मात्र गाडी अडते, कारण ग्राएल्सीच्या नराला एलेगान्सच्या मादीची मान नीट पकडताच येत नाही. काल मृगधाराताईंनी चिमट्याचं सांगितलं, तोच अडसर आणि तोही एकाच दिशेने.

याचा परिणाम बघा. ग्राएल्सीच्या माद्या परक्या नरांकडे जातात, ग्राएल्सीच्या नरांना परक्या माद्या मिळत नाहीत. संकर माद्याही पुढे एलेगान्सच्या नरांशीच जास्त जुळतात. त्यामुळे ग्राएल्सीची जनुकं एलेगान्सच्या समूहात झिरपत जातात. स्पेनमधल्या काही तळ्यांवर ग्राएल्सी मागे हटली आणि एलेगान्स उरली. पण तिच्या अंगात आता ग्राएल्सीचे अंश आहेत, आणि नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत.

आता सांगा, रेघ कागदावरचीच होती का? ती कागदावरचीच असती तर दोन्ही दिशांनी सारखीच पुसली गेली असती. एका बाजूने उघडी आणि दुसऱ्या बाजूने बंद असलेली सीमा माणसाने काढलेली नाही, ती त्या उपांगांच्या आकारात आहे.

मिसळमामा | 13 ऑक्टोबर, 13:40

इथे लग्नाला मुलीकडची बाजूच जास्त खळखळ करते असं ऐकून होतो, टाचण्यांतही तेच दिसतंय.

खडकाळी | 13 ऑक्टोबर, 14:12

सूक्ष्मदर्शी, मुद्दा मान्य. अडसर खरा आहे. पण तुमच्याच उदाहरणात शेवटी जनुकं मिसळलीच ना? शंभर वर्षांनी तिथे एकच टाचणी उरली तर माझंच म्हणणं खरं ठरेल.

सूक्ष्मदर्शी | 13 ऑक्टोबर, 16:50

एका ठिकाणी एकच उरू शकते, हो. जवळच्या प्रजाती एकमेकींत विरघळून जातात अशीही उदाहरणं आहेत. पण बहुतेक वेळा तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजायला हॉल्डेनचा नियम उपयोगी पडतो. 1922 मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी लिहिलं की दोन प्रजातींच्या संकरात एकाच लिंगाची पिल्लं मरत असतील किंवा वांझ निघत असतील, तर ते लिंग दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं असतं. टाचण्यांमध्ये मादीला दोन एक्स असतात आणि नराला एकच, त्याचा जोडीदारच नसतो. त्यामुळे संकरातला बिघाड आधी नरांमध्ये दिसावा अशी अपेक्षा असते. मिसळण सुरू राहते, पण तिच्यावर सतत कात्री चालते.

हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, पुढे इथलेच नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. अगदी आपला माणूस.

हिवतापवाला | 13 ऑक्टोबर, 20:05

मी हिवताप विभागातून निवृत्त झालो. डिपर (पाण्यातल्या अळ्या काढायचं पळीसारखं भांडं) घेऊन जिल्हाभर अळ्या मोजत फिरलो. पाटाच्या पाण्यात, नदीच्या डबक्यांत, भातखाचरांत. डासाची अळी पाण्यातली, म्हणून या धाग्यावर बोलायचा मलाही अधिकार आहे असं समजतो.

खडकाळी साहेब, तुमच्यासाठी लिहितोय. आपल्या खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा मुख्य डास ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज. तो एक नाही, पाच आहेत. ए, बी, सी, डी, ई अशी त्यांना नावं. सूक्ष्मदर्शकाखाली पंख, सोंड, पाय कितीही बघा, फरक दिसत नाही. 1980 पासून गुणसूत्रांवरचे पट्टे तपासून ते वेगळे केले गेले. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठं काम केलं.

आता फरक काय? बी हा बहुतेक ठिकाणी गुरांना चावतो आणि मलेरिया पसरवण्यात त्याचा वाटा नगण्य. ई हा घातक. जिथे नुसते बी आहेत तिथे घराघरांत फवारणी करून पैसा आणि औषध वाया. आम्हाला दिसायला सगळे सारखेच, पण रोग्याला सारखे नाहीत. कागदावरची रेघ असती तर ताप बघून फरक कळला नसता.

खडकाळी | 13 ऑक्टोबर, 20:30

हिवतापवाले काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या त्या पाचांमध्ये आपसात संकर होतो का?

हिवतापवाला | 13 ऑक्टोबर, 20:48

एकाच गावात ए आणि बी पकडले तरी मधल्या गुणसूत्रांचे डास मिळत नाहीत किंवा अगदी क्वचित मिळतात, म्हणूनच तर ते वेगळे ठरले. पिंजऱ्यात कोंडून काय घडतं ते वेगळं. सूक्ष्मदर्शींनी पुढचं सांगावं, आमचं शिक्षण डिपरपर्यंतच.

सूक्ष्मदर्शी | 14 ऑक्टोबर, 12:15

काका, तुमच्या डिपरशिवाय आमची प्रयोगशाळा रिकामीच राहिली असती.

डासांमधली सर्वात थक्क करणारी गोष्ट आफ्रिकेतली आहे. तिथे ॲनॉफिलिस गॅम्बिई नावाचा असाच दिसायला एकसारखा समूह आहे. गॅम्बिई, अरेबिएन्सिस आणि कोलुझी हे त्यातले तीन. कोलुझीला वेगळं नाव 2013 मध्ये मिळालं. 2015 मध्ये या समूहाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास सायन्स नियतकालिकात आला. जनुकसंचाचा बहुतेक भाग सांगतो की अरेबिएन्सिस हा गॅम्बिई आणि कोलुझी यांचा अगदी जवळचा नातेवाईक. एक्स गुणसूत्र मात्र वेगळीच वंशावळ सांगतं. संशोधकांनी निष्कर्ष काढला की खरी वंशावळ एक्सनेच जपली आहे. बाकी गुणसूत्रांवर जुन्या संकरांतून इतकी जनुकं इकडून तिकडे गेली की बहुमताने नातंच चुकीचं सांगितलं.

हॉल्डेनचा नियम इथे पुन्हा येतो. एक्सवरचा बदल परक्या समूहात टिकत नाही, इतर गुणसूत्रांवरचा टिकतो. सीमा आहे, पण प्रत्येक जनुकासाठी वेगळी.

आणि याची किंमत माणसं मोजतात. कीटकनाशकाला दाद न देणारं केडीआर हे जनुक गॅम्बिईकडून कोलुझीत गेलं. मालीमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा वापर वाढला त्याच काळात त्या संकरातून आलेलं जनुक कोलुझीत झपाट्याने पसरलं. एरवी संकर मागे पडले असते. औषधाने त्यांना तारलं.

द्राक्षबाग_निफाड | 14 ऑक्टोबर, 21:20

राम राम मंडळी. मी निफाडचा, द्राक्षवाला. टाचणीतलं मला काही कळत नाही, पण संकर म्हटल्यावर थांबलो. आमच्या बागेत खुंट डॉगरीजचा आणि वर थॉमसन जातीच्या द्राक्षाचं कलम. खारवट पाणी आणि दुष्काळ सोसायला डॉगरीज लावतात. नर्सरीवाला म्हणाला होता की डॉगरीज हाच मुळात संकर आहे. खरं का?

सूक्ष्मदर्शी | 14 ऑक्टोबर, 21:55

अगदी खरं. अमेरिकेत टेक्सासमध्ये दोन जंगली द्राक्षांच्या प्रजातींमध्ये माणसाने न लावता जो संकर झाला, त्यातून निवडलेला हा खुंट. तिथल्या चुनखडीच्या कोरड्या जमिनीत तो तगला. 110 आर हा खुंट मात्र मुद्दाम केलेला संकर. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या हजारो एकर द्राक्षबागा दोन प्रजातींच्या सीमेवर उभ्या आहेत, दादा.

जुना_नाशिककर | 14 ऑक्टोबर, 22:02

वा! हे वाक्य उद्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सांगणार.

मुक्ता_पंचवटी | 15 ऑक्टोबर, 10:30

मग उलटं उदाहरणही असेल ना? जिथे समूह इतके लांब लांब असूनही एकच प्रजाती आहे असं?

मृगधारा | 15 ऑक्टोबर, 19:40

आहे आणि ते सध्या तुझ्या डोक्यावरून उडतंय. पाऊस सरताना मैदानांवर, रस्त्यांवर पिवळसर चतुरांचे थवे दिसतात ते पँटाला फ्लेव्हेसेन्स. मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं की ऑक्टोबरपासून हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. एका पिढीत नाही, काही पिढ्या मिळून. पावसाच्या साचलेल्या डबक्यात अंडी घालतात आणि महिना-दीड महिन्यात नवी पिढी तयार. उष्ण प्रदेशात जवळजवळ सगळ्या खंडांवर हीच एक प्रजाती. इतकं हिंडणाऱ्याला सीमा पडायला वेळच मिळत नाही.

याच्या अगदी विरुद्ध टोक आपल्याच सह्याद्रीत आहे. झऱ्याकाठी राहणाऱ्या युफिया वंशाच्या दोन नव्या टाचण्या 2021 मध्ये उत्तर सह्याद्रीतून नोंदवल्या गेल्या. त्यातल्या एकीचं नाव ठोसेघरवरून थोसेघरेन्सिस. ही टाचणी वाहत्या, थंड, सावलीच्या पाण्याला धरून असते. दोन खोऱ्यांमधला उघडा सडा (खडकाळ पठार) ओलांडायला तिच्यासाठी फार आहे. खोरं बदललं की लोकसंख्या तुटते आणि तुटली की हळूहळू वेगळी होते. फ्रेझर नावाच्या लष्करी डॉक्टरने 1933 ते 1936 मध्ये भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन जाडजूड खंड लिहिले. आजही आम्ही तेच उघडून बसतो. पण असे कोपरे त्यांच्याही नजरेतून सुटले.

त्र्यंबक, हरसूल, पहिन्याकडचे ओढे कोणी नीट बघितलेत? मला वाटतं आपण सगळे नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो आणि ओढ्यांकडे पाठ फिरवतो.

कॉलेजरोड_कॅमेरा | 15 ऑक्टोबर, 20:15

हे सगळं मान्य, पण मूळ प्रश्न तर सोपा आहे. त्या मादीचा एक पाय घ्या, डीएनए बारकोड करा, उत्तर मिळेल. एवढी चर्चा कशाला?

सूक्ष्मदर्शी | 15 ऑक्टोबर, 23:05

मिळणार नाही. हा गैरसमज फार पसरलाय म्हणून सविस्तर लिहितो.

बारकोड म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा. 2003 मध्ये कॅनडाच्या गेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांच्या ओळखीसाठी तो सुचवला. फार उपयोगी आहे, मीही रोज वापरतो. पण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. संकर टाचणीचा बारकोड काढलात तर तो तिच्या आईची प्रजाती सांगेल, बापाचा पत्ताच लागणार नाही. स्पेनमधल्या त्या टाचण्यांमध्ये आई बहुतेक वेळा ग्राएल्सी असते. दिसायला एलेगान्स आणि बारकोड ग्राएल्सीचा, असा प्राणी सापडणं अगदी शक्य आहे.

आणखी एक गुंता म्हणजे वोल्बाकिया हा जिवाणू. तो कित्येक कीटकांच्या पेशींत राहतो आणि आईकडून अंड्यात जातो. संकरातून एका प्रजातीतून दुसरीत पोहोचला की त्याच्यासोबत परका मायटोकाँड्रियाही अख्ख्या समूहात पसरू शकतो. संकर हजारो वर्षांपूर्वी झालेला असतो आणि बारकोड आजही जुन्या पाहुण्याचं नाव सांगत असतो. संकर सिद्ध करायचा तर आई-बाप दोघांकडून येणारी, पेशीच्या केंद्रकातली अनेक जनुकं लागतात आणि दोन्ही मूळ समूहांचे त्याच भागातले नमुने शेजारी ठेवावे लागतात. एका पायाने भागत नाही.

मृगधारा | 16 ऑक्टोबर, 08:10

आणि पाय तोडायच्या आधी परवानगी. अभयारण्यात नमुना घ्यायचा तर वनविभागाची परवानगी लागतेच. बाहेरही हौसेखातर कोणी पाय गोळा करू नयेत असं मला वाटतं.

कॉलेजरोड_कॅमेरा | 16 ऑक्टोबर, 08:35

सूक्ष्मदर्शी, आभार, हे खरंच माहीत नव्हतं. पण मग फोटो काढणाऱ्यांनी करायचं तरी काय? संकर लिहू नका म्हणता, डीएनए करू नका म्हणता. नोंदच नाही केली तर स्पेनसारखं काही इथे घडत असलं तरी कोणाला कळणारच नाही. मला तर वाटतं, शंका असली तरी बिनधास्त संकर लिहावं. चूक असेल तर कोणीतरी दुरुस्त करेल.

मृगधारा | 16 ऑक्टोबर, 18:25

इथे मी तुमच्याशी ठाम असहमत आहे. नोंदीच्या संकेतस्थळांवर एकदा संकर लिहिलं की ते नकाशावर चढतं, तिथून अहवालात जातं, अहवालातून दुसऱ्या अहवालात. दुरुस्त करणारे मोजके आणि लिहिणारे शेकडो. इश्नुराच्या कोवळ्या माद्यांवरून किती घोळ होईल कल्पना करा.

पण नोंद करायलाच हवी यात तुमचं बरोबर आहे. आनंदवल्लीकर, तुम्ही नर सेनेगलेन्सिस म्हणून नोंदवा. मादीची वेगळी नोंद करा आणि ओळख इश्नुरा वंशापाशी थांबवा. शेऱ्यात लिहा, अमुक नराने मान धरलेली, चक्र पूर्ण झालेलं दिसलं किंवा दिसलं नाही, किती वेळ धरून होता. शेवटचं फार महत्त्वाचं. इश्नुरा एलेगान्समध्ये मीलन कित्येक तास चालतं. पकड दहा सेकंदांत सुटली की तासभर टिकली, यावरून पुष्कळ कळतं. हे कुठलंही यंत्र सांगणार नाही, ते काठावर बसलेल्या माणसालाच दिसतं.

आनंदवल्लीकर | 16 ऑक्टोबर, 21:00

ताई, तसंच नोंदवतो. चक्र पूर्ण झालेलं मी पाहिलं नाही. नर तिला घेऊन गवताच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि मग मला दिसले नाहीत.

खडकाळींचा प्रश्न मला अजून सोडत नाही, पण आता वेगळ्या अंगाने. प्रजाती आहेत की नाहीत यापेक्षा, त्यांच्यामधून काय जाऊ शकतं आणि काय अडतं हे बघावंसं वाटतंय. पुढच्या वेळी पूर्ण सकाळ एकाच ठिकाणी बसणार आहे. उपांगांचे जवळून फोटो कसे काढायचे, कॉलेजरोडवाले, तुम्ही सांगाल का?

कॉलेजरोड_कॅमेरा | 16 ऑक्टोबर, 21:22

नक्की. मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर साध्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब लावा. सकाळी लवकर जा, पंख दवाने ओले असताना टाचण्या हलत नाहीत. नर बाजूने आणि वरून असे दोन्ही कोनांतून घ्या, नुसत्या वरच्या फोटोत उपांगांचा आकार कळत नाही. मादीची मान मात्र अगदी आडवी हवी. येत्या रविवारी मीही येतो.

मिसळमामा | 16 ऑक्टोबर, 21:25

रविवारी मीही येतो. परतीच्या वाटेवरची जबाबदारी माझी.

खडकाळी | 16 ऑक्टोबर, 22:10

मीही येईन. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण क्युलिसिफेसीज बी आणि ई वर अडकलोय. हिवतापवाले काका, तुम्ही येणार का?

हिवतापवाला | 16 ऑक्टोबर, 22:31

गुडघे साथ देत नाहीत हो. पण डिपर अजून घरी आहे, तो घेऊन जा. काठचं पाणी वर काढून बघा, टाचण्यांच्या अळ्या शेपटाकडे तीन पानांसारखे कल्ले घेऊन असतात, लगेच ओळखू येतात. त्या डासांच्या अळ्या खातात, म्हणून आमचा त्यांच्यावर जुना लोभ.

द्राक्षबाग_निफाड | 17 ऑक्टोबर, 07:50

काका, हे वाचून एक विचारतो. आमच्या शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद आहे. चतुर पुष्कळ येतात, पाण्यावर शेपूट आपटताना दिसतात. पण ही बारीक टाचणी तिथे कधी दिसत नाही. पलीकडच्या ओढ्यावर मात्र असते. असं का?

मृगधारा | 17 ऑक्टोबर, 09:15

निरीक्षण अचूक आहे. पँटालासारखे पुष्कळ चतुर अंडी थेट पाण्यात टाकतात, शेपूट आपटणं म्हणजे तेच. त्यांना कागदाचं तळं चालतं. टाचणीची मादी मात्र वनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. कागदावर तिला चीर पाडायला काहीच नाही.

द्राक्षबाग_निफाड | 17 ऑक्टोबर, 09:40

कागदाला हात लावता येत नाही, गळती लागेल. पण सांडव्याच्या तोंडाशी खड्डा आहे, तिथे बारमाही ओल असते. तिथे लव्हाळा वाढू दिला तर चालेल का? फवारणीचं पाणी तिकडे जात नाही.

मृगधारा | 17 ऑक्टोबर, 10:05

फवारणीचं पाणी जात नसेल तर उत्तम जागा आहे. लव्हाळा पाण्यात उभा राहील एवढी खोली ठेवा आणि वर्षभर अजिबात कापू नका, कारण अंडी देठात असतात. गप्पी मासे मात्र त्या खड्ड्यात सोडू नका, ते टाचणीच्या अळ्याही खातात. पहिल्या टाचण्या बहुधा तुमच्या ओढ्यावरून येतील. आल्या की फोटो इथे टाका, आणि माद्यांच्या मानेचे आडवे.

द्राक्षबाग_निफाड | 17 ऑक्टोबर, 10:12

टाकतो. पोरगं मोबाईलवर चांगले काढतं.